चहाचें तबक

चिनी पद्धतीनें घरीं चहा करावा अशी हौस ज्यास उत्पन्न होते, त्यास चांगलीं पानें मिळविण्यास फारसे श्रम पडत नाहींत. लहानशी चहादाणी व चार पेले यांची निवडही तो थोड्याबहुत विचारानें उरकतो. खरा घोटाळा होतो तो तबकाचे वेळीं. त्याच्यापुढें दोन अगदीं भिन्न जातींचीं तबकें येतात. एक पाटाएवढें किंवा त्याहूनही मोठें, लाकडाचें अथवा बांबूचें. त्याच्या वरच्या फळीस फटी पाडलेल्या असून सांडलेलें पाणी त्यांतून खालच्या खणांत उतरतें. दुसरें म्हणजे केवळ एक उथळ, वाटोळी ताटली. तीवर तीनचार पेले मांडले कीं जागा संपली. पहिलें पाहून ग्राहकास वाटतें कीं, चीनच्या हजार-बाराशें वर्षांच्या परंपरेंतील अस्सल वस्तु ती हीच, आणि दुसरी म्हणजे ऐपत नसणारानें करावयाची तडजोड. इतिहासाकडे पाहिलें तर ही समजूत जवळजवळ उलटी करावी लागते. ती कशी, हें थोड्या विस्तारानें पाहण्यासारखें आहे. कारण तबकाची निवड ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट असली, तरी चहा कोणासाठीं व कशासाठीं करावयाचा, हा प्रश्न तींत गुंतलेला आहे.

चहाविषयींचा आद्य ग्रंथ म्हणजे थांग काळांतील लू यू (७३३–८०४) याचा ‘छा जिंग’ हा होय. त्या काळीं चहाच्या पानांच्या वड्या करीत. वडी भाजून, कुटून तिची पूड उकळत्या पाण्यांत टाकीत व किंचित् मीठही घालीत. शेन्सी प्रांतांतील फामन मंदिराचें तळघर १९८७ सालीं उघडण्यांत आलें, तेव्हां थांग दरबाराकडून आलेलीं चहा दळण्याचीं व चाळण्याचीं, सोन्याचा मुलामा दिलेलीं चांदीचीं उपकरणें तेथें सांपडलीं. त्यांवरून पूड करण्याच्या या रीतीची प्रत्यक्ष साक्ष पटते. आतां चहा कढईंत उकळून वाडग्यांत वाढला म्हणजे पाणी सांडण्याचें कारणच थोडें. भांडीं धुतलेल्या पाण्यासाठीं लू यूनें आठ ‘शंग’ मापाचें एक लाकडी पात्र सांगितलें आहे, आणि गाळासाठीं पांच शंगांचें दुसरें. भांडीं मांडून ठेवण्यासाठीं एक घडवंची सांगितली आहे. ती तीन चिनी फूट लांब, दोन फूट रुंद व सहा चिनी इंच उंच असावी. म्हणजे सांडपाणी, गाळ व मांडणी या तीन कामांस तीन निराळ्या वस्तु होत्या. आपण ज्यास चहाचें तबक म्हणतों, तें या यादींत नाहीं.

याच ग्रंथांतील आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नगरांतील सरदारांच्या वाड्यांत चोवीस उपकरणांपैकीं एकही उणें असूं नये असा कडक दंडक घालणारा हा ग्रंथकार, पुढें एका स्वतंत्र प्रकरणांत कोणतीं उपकरणें केव्हां वगळावीं हेंही सांगतो. पाइनच्या झाडांत बसावयास खडक असेल तर घडवंची नको. झरा शेजारीं असेल तर धुतलेल्या पाण्याचें पात्र नको. उपकरण हें गरजेचें अपत्य आहे, प्रतिष्ठेचें नव्हे, ही जाणीव या शास्त्राच्या आरंभापासूनच आहे.

तबकाच्या कुळांतील पहिली वस्तु म्हणजे पेल्याखालची ताटली. तिच्याविषयीं थांग काळाच्या अखेरीस लिहिलेली एक कथा प्रसिद्ध आहे. ७८० ते ७८३ या वर्षांच्या दरम्यान छुई निंग नांवाच्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलीची बोटें चहाच्या पेल्यानें पोळत. म्हणून तिनें पेल्याखालीं एक ताटली घेतली. पितांना पेला घसरूं लागला, तेव्हां तिनें ताटलीच्या मध्यभागीं मेणाचें कडें करून पेला त्यांत बसविला, आणि पुढें कारागिराकडून मेणाच्या जागीं लाखेच्या रोगणाचें कडें करवून घेतलें. ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी घेतां येत नाहीं. कारण पेल्याखालच्या अशा बैठकी याहून कित्येक पिढ्या पूर्वींच्या सांपडल्या आहेत. तथापि कथेंतील तर्क मार्मिक आहे. पोळणारें बोट, घसरणारा पेला, मेणाचें कडें. शोभेचा विचार त्यानंतरचा. आपल्या घरांतील बशीच्या मध्यभागीं पेला बसण्यासाठीं जो उथळ खळगा असतो, तो याच अडचणीचें उत्तर होय.

सुंग काळांत चहाची रीत बदलली. पूड वाडग्यांत घालून, वर ऊन पाणी ओतून बांबूच्या घुसळणीनें फेंस येईपर्यंत ती घुसळावयाची, आणि सर्वच पिऊन टाकावयाची. १२६९ सालच्या एका सचित्र पुस्तिकेंत चहाच्या बारा उपकरणांस दरबारी पदव्या देऊन विनोदानें गौरविलें आहे. त्यांत वाडग्याखालच्या रोगणी बैठकीसही मानाची जागा मिळाली आहे. परंतु या रीतींतही पाणी ओतून टाकण्याचा प्रसंग क्वचितच येई. त्यामुळें पाणी झेलणाऱ्या तबकाची कोणास गरज भासली नाहीं.

ती गरज निर्माण झाली एका राजाज्ञेनंतर. मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू बादशहा यानें १३९१ सालीं राजाकडे पाठवावयाच्या चहाच्या वड्यांची पद्धत बंद केली व सुटीं पानें स्वीकारण्याचें ठरविलें. वड्या करण्यांत रयतेचे श्रम व्यर्थ खर्ची पडतात, हें त्याचें कारण. सुटीं पानें वापरण्याची चाल आधीपासून होतीच; पण आतां तिला राजमान्यता मिळाली. पानें भिजवून त्यांचा अर्क घ्यावयाचा म्हटल्यावर चहादाणी आली, आणि ईशिंग येथील तांबूस मातीच्या चहादाण्या नांवारूपास आल्या. लहान चहादाणी लवकर निवते. म्हणून ती आधीं ऊन पाण्यानें तापवावयाची, तें पाणी टाकावयाचें, झांकण लावल्यावर वरूनही उकळतें पाणी ओतावयाचें. हें सारें पाणी कोठें जावें, हा प्रश्न येथून पुढचा आहे.

या रीतीचें पूर्ण रूप दक्षिणेकडे, फूजियन प्रांत व त्यास लागून असलेला छाओचौचा मुलूख येथें दिसून येतें. युआन मेई हा रसिक ग्रंथकार १७८६ सालीं वू-ई पर्वतांत गेला. तेथील चहा काढ्यासारखा कडू लागतो असें त्याचें पूर्वींचें मत होतें. मठांतील साधूंनीं त्यास जो चहा दिला, त्याचे पेले अक्रोडाएवढे व चहादाणी महाळुंगाएवढी होती. आधीं वास घ्यावा, मग घोट घ्यावा, अशा बेतानें पितां पितां त्याचें मत पालटलें, व १७९२ सालच्या आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत त्यानें तसें मोकळेपणानें नमूद केलें. पुढें थोड्याच वर्षांनीं, १८०१ च्या सुमारास, यू जियाव या अधिकाऱ्यानें छाओचौकडील चहाचें वर्णन लिहिलें, आणि त्यांत तबक स्पष्टपणें येतें. शेगडी एक, चहादाणी एक, तबक एक. पेल्यांची संख्या तेवढी पाहुण्यांवर अवलंबून. तबक वाटोळें, नक्षीदार चिनी मातीचें. यासच ‘कुंगफू चहा’ म्हणतात. मुष्टियुद्धामुळें आपल्याकडे परिचित झालेला शब्द तो हाच. त्याचा मूळ अर्थ वेळ व श्रम देऊन मिळविलेलें कसब असा आहे.

हें तबक वाटोळें कां, याचें कारण चहा ओतण्याच्या पद्धतींत आहे. तीन-चार पेले एकमेकांस चिकटून मांडतात. चहादाणी त्यांवरून गोल फिरवीत थोडा थोडा चहा प्रत्येकांत पाडतात; एक पेला भरून मग दुसरा भरावयाचा नाहीं, कारण चहादाणींतील पहिली धार फिकी व शेवटची दाट असते. या फिरविण्यास तेथील लोक क्वानसेनापतीची नगराभोंवतालची गस्त म्हणतात. आणि शेवटचे दाट थेंब एकेका पेल्यांत मोजून टाकणें, ही सेनापति हान शिन याची सैन्याची मोजदाद. नांवें थट्टेचीं आहेत, पण त्यांमागील न्याय थट्टेचा नाहीं. घरच्या वडील माणसास व शेवटीं आलेल्या शेजाऱ्यास एकाच गुणाचा चहा मिळावा, अशी ही योजना आहे. आणि पेले जवळ जवळ धरून ती शक्य करून देतें तें तबक.

छाओचौचे विद्वान वंग हुइदुंग यांनीं १९५७ सालीं तेथील चहाविषयीं एक छोटासा ग्रंथ लिहिला. तबकाचे नियम इतक्या नेमक्या शब्दांत सांगणारें दुसरें पुस्तक क्वचितच आढळेल. त्यांच्या मतें तबकाचे गुण चार: तें रुंद, सपाट, उथळ व पांढरें असावें. रुंद अशासाठीं कीं, पाहुणे वाढले तर पेले मावावेत. सपाट अशासाठीं कीं, पेला डुगडुगूं नये. कांठ उथळ व रंग पांढरा अशासाठीं कीं, पेले व चहादाणी उठून दिसावीं. पाणी झेलण्याचा येथें उल्लेखच नाहीं, कारण त्यासाठीं दुसऱ्या वस्तु आहेत. चहादाणीखालीं निराळी, सुमारें तीन इंच व्यासाची ताटली असते. ती उन्हाळ्यांत उथळ व हिवाळ्यांत खोल घ्यावी, म्हणजे थंडींत तींत अधिक ऊन पाणी राहून चहा लवकर निवत नाहीं. त्या ताटलींत घोसाळ्याची वाळलेली जाळी घालावी. तिला वास नसतो व तींत पाणीही सांचून राहत नाहीं. पेले व चहादाणी धुण्यासाठीं आणि गाळासाठीं स्वतंत्र वाडगीं असतात. लू यूनें बाराशें वर्षांपूर्वीं केलेली कामांची वांटणी येथें नव्या रूपांत पुन्हा दिसते.

मग ती फटी पाडलेली, पोटांत खण असलेली भव्य तबकें कोठून आलीं? वर भोंकें पाडलेलें व पाणी पोटांत सांठविणारें एक लहान, ढोलाच्या आकाराचें चिनी मातीचें पात्र छाओचौमध्यें घरोघर असतें. कल्पना तेथली खरी. परंतु मेजभर पसरणारें, कधीं कधीं नळीनें खालच्या बादलीस जोडलेलें तबक हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. १९७० नंतर तैवानांत चहाच्या कलेचें पुनरुज्जीवन झालें, चहागृहें निघालीं, आणि चहादाणींतील सर्व अर्क आधीं एका लहान झारींत घेऊन मग पेल्यांत वांटण्याची चाल पडली. त्या झारीस ‘न्यायाचा पेला’ असेंच नांव आहे. झारींत चहा एकजीव झाल्यावर पेले एकत्र ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. ते मेजावर लांब लांब, पाहुण्यांपुढें जाऊन बसले. एक काम सुटलें तसें तबक दुसऱ्या कामास मोकळें झालें, आणि तें मोठें मोठें होत गेलें. पुढें त्याचीही प्रतिक्रिया उमटली: पाणी सांडूंच नये, चहादाणीखालीं लहानशी ताटली पुरे, असें म्हणणारा ‘कोरड्या’ मांडणीचा पंथ निघाला. नवा म्हणून मिरविणारा हा पंथ वंग यांच्या ताटलीपासून फार दूर नाहीं.

यावरून मोठें तबक त्याज्य आहे असा निष्कर्ष काढूं नये. ज्यास दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांस चहा पाजावयाचा आहे, एकामागून एक पानें बदलावयाचीं आहेत, त्यास फटींचें तबक सोयीचें आहे. मात्र त्याचा खण रोज रिकामा करून वाळवावा लागतो. नाहींतर लाकूड फुगतें, सांध्यांत चिरतें, बुरशीचा वास धरतें, आणि सुगंधासाठीं मांडलेल्या खटाटोपांत दुर्गंधाचीच भर पडते. दगडी तबकावर पाण्याचा परिणाम होत नाहीं, पण हात चुकला तर पेल्याचा टवका उडतो. दोन-चार माणसांच्या घरीं वाटोळी चिनी मातीची ताटली, चहादाणीखालीं एक खोलगट बशी, घोसाळ्याचा तुकडा व सांडपाण्यासाठीं एक वाडगें, एवढ्यानें काम उत्तम भागतें. यांतील बहुतेक वस्तु आपल्या घरांत आधींच असतात, ही त्यांची आणखी एक थोरवी.

या प्रवासाचें एक टोंक आपल्या दिवाणखान्यांतही येऊन पोंचलें आहे. फूजियन व छाओचौच्या बोलींत चहास ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांमार्फत तो शब्द युरोपांत जाऊन इंग्रजींत ‘टी’ झाला. आपला ‘चहा’ मात्र चीनमधील ‘छा’ या दुसऱ्या उच्चारापासून आला. इंग्रजांनीं हिंदुस्थानांत आपली ‘तिपाई’ उचलली, तिचा ‘टीपॉय’ केला, आणि त्यांतील ‘टी’ म्हणजे चहाच असावा अशा समजुतीनें तिच्यावर चहाचें सामान मांडलें. आपणही तोच शब्द परत घेतला. तीन पायांची तिवई चहाची मेज झाली ती केवळ एका अक्षराच्या सारखेपणानें!

तेव्हां त्या टीपॉयवर ठेवावयाचें तबक घेण्यापूर्वीं आपल्याकडे एकाच वेळीं किती माणसें चहास बसतात हें पाहावें, आणि तितके पेले एकमेकांस चिकटून ज्यावर मावतील तेवढें तें घ्यावें. पानसुपारीचें तबक आपण पुढें करतों तेव्हां त्याच्या नक्षीपेक्षां तें कोणापुढें धरलें आहे यास महत्त्व असतें. चिनी तबकाचा इतिहासही याहून फार निराळें कांहीं सांगत नाहीं.