काउंटीच्या खुर्चीपर्यंत

प्रस्तावना

अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत जे लिहिलं जातं, ते बहुतांशी वॉशिंग्टनभोवती फिरतं. अध्यक्ष कोण होणार, सिनेट कुणाकडे जाणार, एवढ्यावर आपलं कुतूहल भागतं. पण त्याच देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, आणि साध्या माणसाचं सरकारशी रोजचं काम तिथेच पडतं. बहुतेक राज्यांत मालमत्तेची आकारणी काउंटी करते, मतदारयाद्या आणि मतमोजणी तीच सांभाळते. तुरुंग, सरकारी इस्पितळ, निराधार मुलांची देखभाल, संशयास्पद मृत्यूची तपासणी, हेही अनेक ठिकाणी तिच्याच वाट्याला येतं. या पातळीवर निवडून येणारी माणसं कुठून येतात, त्यांना वाट कोण करून देतं, वाट अडवतं कोण, आणि खुर्ची मिळाल्यावर त्यांच्या हातात नेमकं काय उरतं, हा या अभ्यासाचा विषय. नव्याने येणाऱ्या वाचकाचं इथे मनापासून स्वागत आहे. राज्यशास्त्राची पदवी असायलाच हवी असं नाही. नकाशा उलगडून बघण्याची आणि सभेचं इतिवृत्त चिकाटीने वाचण्याची तयारी मात्र हवी.

या विषयाची ओळख करून देताना मी सिद्धांतापासून सुरुवात करत नाही. एक कारकीर्द समोर ठेवते: लॉस एंजेलिस काउंटीच्या ग्लोरिया मोलिना यांची. १९९१ साली त्या काउंटीच्या मंडळावर निवडून आल्या. १८७५ नंतर त्या मंडळावर बसलेल्या त्या पहिल्या लॅटिनो व्यक्ती, आणि मतदारांनी निवडून दिलेल्या पहिल्याच स्त्री. (१९७९ मध्ये इव्हॉन ब्रॅथवेट बर्क यांची तिथे नेमणूक झाली होती, पण पुढच्याच वर्षी मतदानात त्या हरल्या.) नुसतं ‘पहिल्या’ म्हणून थांबायचं असेल तर गौरवग्रंथ पुरे. अभ्यासकाला विचारावं लागतं की जिथे मेक्सिकन वंशाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्या भागात ही जागा भरायला शंभराहून अधिक वर्षं का लागली.

आधी खुर्ची समजून घेऊ. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या घरात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांपेक्षा ती मोठी. तिच्या हद्दीत ८८ शहरं आहेत, शिवाय कोणत्याही शहरात न मोडणाऱ्या वस्त्यांमध्ये दहा लाखांच्या आसपास लोक राहतात, आणि त्यांची नगरपालिका म्हणजे काउंटीच. काउंटीचा कारभार पाच सुपरवायझरांचं मंडळ चालवतं. कायदे तेच करतात, प्रशासनही तेच हाकतात. प्रत्येकामागे साधारण वीस लाख लोक. तिथली वर्तमानपत्रं त्यांना ‘पाच छोटे राजे’ म्हणत आली. पाचांतली तीन मतं जुळली की कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे होतात. इतकी सत्ता इतक्या कमी हातांत असली की मतदारसंघाची रेघ कुठून जाते याला प्रचंड महत्त्व येतं.

मोलिना १९४८ साली जन्मल्या. दहा भावंडांत थोरल्या. घरची जबाबदारी लवकर अंगावर आली आणि शिकता शिकताच त्यांनी वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरीची नोकरी धरली. राजकारणात त्या पक्षाच्या शिडीवरून आल्या नाहीत. आल्या त्या मेक्सिकन-अमेरिकन स्त्रियांच्या ‘कोमिसिओन फेमेनिल’ या संघटनेतून, जिच्या त्या सत्तरच्या दशकात राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. त्याच काळात संघटना एका खटल्यात उतरली. काउंटीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणासाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या बायकांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. स्पॅनिश बोलणाऱ्या बाईपुढे, कळा चालू असताना, इंग्रजीतला संमतीचा कागद धरला जाई. दहा स्त्रियांनी १९७५ मध्ये दावा लावला. ‘मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने तो ओळखला जातो. १९७८ साली न्यायाधीशांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. पण या लढ्याच्या रेट्यामुळे संमतीपत्रं स्पॅनिशमध्ये आली आणि शस्त्रक्रियेआधी विचार करायला मुदत मिळाली. हे इस्पितळ ध्यानात ठेवा. मोलिनांच्या पुढच्या आयुष्यात ते पुन्हा येतं, आणि काउंटीचं राजकारण माणसाच्या शरीरापर्यंत कसं पोचतं हे मला त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

पहिली निवडणूक १९८२ ची, राज्याच्या असेंब्लीची. आर्ट टॉरेस राज्याच्या सिनेटकडे वळल्याने त्यांची जागा मोकळी झाली होती. मोलिना कधीकाळी टॉरेस यांच्याच कार्यालयात काम करत. ईस्टसाइडच्या, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या लॅटिनो वस्त्यांच्या, पुढाऱ्यांनी रिचर्ड पोलँको यांचं नाव आधीच पक्कं केलं होतं. मोलिनांना थांबायला सांगण्यात आलं. त्या थांबल्या नाहीत. संघटनेतल्या बायका दारोदार फिरल्या, त्यांनी पैसेही उभे केले, आणि प्राथमिक निवडणुकीत पोलँको हरले. असेंब्लीत जाणाऱ्या मोलिना पहिल्या लॅटिना ठरल्या. महाराष्ट्रात ज्यांनी पॅनेलविरुद्ध उभ्या राहिलेल्या बंडखोर उमेदवाराचा प्रचार पाहिला आहे, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. असेंब्लीत असताना ईस्ट लॉस एंजेलिसच्या वस्तीलगत राज्याचा तुरुंग बांधायच्या योजनेला त्यांनी विरोध केला. ‘मदर्स ऑफ ईस्ट एलए’ या आयांच्या चळवळीबरोबर चाललेला तो लढा १९९२ मध्ये तुरुंगाचा बेत रद्द होऊनच संपला. मधल्या काळात, १९८७ साली, त्या लॉस एंजेलिस शहराच्या कौन्सिलवर गेल्या. तिथल्या मतदारसंघांच्या आखणीविरुद्ध केंद्राच्या न्याय खात्याने दावा लावल्यानंतर नव्याने आखलेल्या मतदारसंघातून त्या निवडून आल्या.

इथवर वाचून चिकाटीच्या बाईची यशोगाथा लिहायचा मोह होतो. अशी चरित्रं मीही आवडीने वाचते. पण तीनही वेळा, असेंब्लीत, कौन्सिलवर आणि काउंटीत, त्या मोकळ्या जागेवर लढल्या, आणि तिन्हींपैकी दोन मतदारसंघांची रेघ खटल्यामुळे बदललेली होती. म्हणून कारकीर्दीबरोबर नकाशाही वाचावाच लागतो.

काउंटीच्या नकाशाची गोष्ट जुनी आहे. १९५८ मध्ये एडवर्ड रॉयबल हे लॅटिनो नगरसेवक सुपरवायझरपदासाठी उभे राहिले आणि अर्नेस्ट डेब्ज यांच्याकडून अगदी थोडक्यात, फेरमोजण्या होऊन, हरले. पुढच्याच वर्षी सीमा हलल्या आणि डेब्ज यांच्या मतदारसंघाला पश्चिमेकडच्या गोऱ्या वस्त्या जोडल्या गेल्या. १९८० च्या जनगणनेत काउंटीतले जवळपास २८ टक्के रहिवासी हिस्पॅनिक होते, तरी १९८१ च्या फेररचनेतही त्यांची दाट वस्ती वेगवेगळ्या मतदारसंघांत वाटलेलीच राहिली. फेररचनेला पाचांपैकी चार मतं लागत. त्यामुळे बसलेल्या सदस्यांनी एकमेकांच्या जागा सांभाळायच्या, हाच सोयीचा तोडगा निघे. १९८८ मध्ये ‘गार्झा विरुद्ध लॉस एंजेलिस काउंटी’ हा दावा दाखल झाला. जून १९९० मध्ये न्यायाधीश डेव्हिड केन्यन यांनी निर्णय दिला की मंडळाने हिस्पॅनिक मतदारांची ताकद जाणूनबुजून विभागली. नोव्हेंबरात अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि जानेवारी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला.

या निकालातला एक मुद्दा या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने सावकाश वाचावा. मंडळाच्या बाजूने म्हणणं असं होतं की आम्हाला कुणाचा द्वेष नाही, आम्ही फक्त आमच्या जागा राखत होतो. अपील न्यायालयातले न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी आपल्या स्वतंत्र मतात एका घरमालकाचं उदाहरण घेतलं. त्याच्या मनात अल्पसंख्याकांविषयी जरासुद्धा आकस नाही, पण ते शेजारी आले तर घराची किंमत उतरेल या हिशेबाने तो त्यांना वस्तीबाहेर ठेवायला हातभार लावतो. त्याचा हेतू आर्थिक आहे, तरी केलेला भेदभाव जाणूनबुजूनच आहे. स्थानिक राजकारणात अन्याय पुष्कळदा असाच होतो. तिथे दुष्ट माणूस शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. आपली खुर्ची टिकावी या अगदी सामान्य इच्छेला चार मतं मिळतात आणि लाखो लोकांचं मत बोथट होतं. मला हा निकाल राज्यशास्त्राच्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो.

निकालाचा पहिला फटका बसला तो सारा फ्लोरेस यांना. पहिल्या मतदारसंघाचे सुपरवायझर पीट शाबारम निवृत्त होत होते आणि त्यांच्या सहायक फ्लोरेस जून १९९० च्या फेरीत सर्वांच्या पुढे होत्या. न्यायालयाने ती फेरी रद्द केली आणि नव्या नकाशावर २२ जानेवारी १९९१ रोजी पुन्हा मतदान झालं. कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत. १९ फेब्रुवारीच्या अंतिम लढतीत मोलिना आणि टॉरेस, म्हणजे जुनी कर्मचारी आणि जुने वरिष्ठ, समोरासमोर आले. मोलिना साधारण ५५ टक्के मतं घेऊन जिंकल्या. नकाशा न्यायालयाने दिला, पण मोलिनाच का, हे सांगायला तो अपुरा पडतो. दोघंही लॅटिनो, दोघंही डेमोक्रॅट. फरक पडला तो १९८२ पासून जमलेल्या कार्यकर्त्या बायकांमुळे, आणि पुढाऱ्यांच्या गटाला न जुमानणारी बाई अशी जी ओळख मोलिनांनी कमावली होती तिच्यामुळे.

मंडळावर त्या २०१४ पर्यंत होत्या. २००२ मध्ये लागलेल्या मुदतीच्या बंधनामुळे त्यांना जावं लागलं. अधिकाऱ्यांचा खर्च, पेन्शनच्या सवलती, कंत्राटं यांवर दर मंगळवारच्या सभेत त्या कडक प्रश्न विचारत. पण सत्तेची मर्यादा दिसते ती पुन्हा त्याच इस्पितळात. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने ते खिळखिळं झालं आणि नवं बांधायचं ठरलं. किती खाटांचं, यावर मंडळात जुंपली. मोलिना ७५० खाटांवर ठाम होत्या. १९९७ मध्ये बहुमताने ६०० ठरल्या आणि २००८ साली सुरू झालेलं इस्पितळ ६०० खाटांचंच निघालं. दीडशे खाटा म्हणजे अपघात विभागात ताटकळणारी माणसं, आणि ती बहुतेक त्यांच्याच मतदारसंघातली. ज्या इस्पितळाविरुद्ध त्यांची संघटना कोर्टात गेली होती, ते आता त्या चालवत होत्या, तरी पाचांतलं एकच मत त्यांच्या हाती होतं. त्या नसबंदीबद्दल काउंटीने औपचारिक माफी मागितली ती २०१८ मध्ये. तेव्हा मोलिनांच्या जागी हिल्डा सोलिस होत्या. मोलिना २०१५ मध्ये पुन्हा नगर कौन्सिलसाठी लढल्या आणि हरल्या. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. काउंटीच्या प्रशासकीय इमारतीलगतच्या ग्रँड पार्कला आता त्यांचं नाव आहे.

हा अभ्यास करायचा कसा? रॉबर्ट डाल यांनी न्यू हेवन या एकाच शहरावर लिहिलेलं १९६१ चं ‘हू गव्हर्न्स?’ हा पहिला थांबा. रिचर्ड फेनो यांनी ‘होम स्टाइल’साठी लोकप्रतिनिधींबरोबर त्यांच्या मतदारसंघांत फिरून निरीक्षणं केली. सोबत फिरणं हीसुद्धा संशोधनाची रीत आहे, हे त्यांनी पटवून दिलं. मराठी वाचकासाठी तर एक जवळचा दरवाजा उघडाच आहे. मेरी कॅरस यांचं १९७२ चं पुस्तक महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या गटबाजीवर आहे, आणि व. म. सिरसीकरांनी इथल्या ग्रामीण नेतृत्वाचा अभ्यास केला. जिल्हा परिषद आणि काउंटी यांची तुलना मात्र जपून करावी. १९६१ च्या कायद्याने आपल्या जिल्हा परिषदा राज्याच्या चौकटीत उभ्या राहिल्या. तुरुंग किंवा मतमोजणी त्यांच्याकडे नाही, अध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सरकार नेमतं. तरी गट-गणांची रचना जाहीर झाल्यावर कुणाचा गट फुटला आणि कुणाचा आरक्षित झाला यावर रात्र जागवणाऱ्या कार्यकर्त्याला गार्झा निकाल समजवायला फार वेळ लागणार नाही. ही समज पुस्तकी शिक्षणातून सहसा येत नाही, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी या क्षेत्रात यावं अशी माझी फार इच्छा आहे.

नव्या संशोधकाला काम भरपूर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी ‘मेझर जी’ मंजूर केलं. त्यानुसार २०२८ मध्ये काउंटीचा कार्यकारी प्रमुख थेट मतदानाने निवडला जाईल आणि २०३२ पर्यंत मंडळ पाचावरून नऊवर जाईल. नऊ मतदारसंघ म्हणजे नऊ नव्या रेघा. त्या कोण आखतं, कोणत्या वस्त्या एकत्र येतात, कुणाची जागा मोकळी होते आणि ती लढवायला कोणत्या संघटनेतली माणसं आधीपासून तयार असतात, याच्या नोंदी आतापासून ठेवायला हव्यात. त्यासाठी आधी गार्झाचा निकाल वाचा, मग १९८१ आणि १९९१ चे नकाशे शेजारी मांडा, आणि त्यानंतर मंडळाच्या मंगळवारच्या सभांची इतिवृत्तं काढा.