हातरक्षक, रायफलचा

रायफलच्या तापलेल्या नळीपासून सैनिकाच्या हाताचे रक्षण करणारे आवरण. ते लाकूड, धातूचा पत्रा, प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमची मिश्रधातू यांचे बनविलेले असते. जुन्या रायफलींत नळीखालील लाकडाला पुढचा दस्ता आणि नळीवरील आवरणाला हातरक्षक म्हणत. आधुनिक रायफलींत ही दोन्ही कामे बहुधा एकाच नळीवजा आवरणाने होतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस या आवरणावर दुर्बीण, विजेरी, लेझर निर्देशक इ. साधने बसविण्यासाठी खाचा पाडलेली पट्टी आली. तिला रेल असे म्हणतात. हातरक्षक वा रेल नळीशी एका रेषेत नसल्यास नेम एकीकडे व गोळी दुसरीकडे अशी स्थिती होते. हा दोष दूर करण्याची साधने शस्त्रांबरोबर बदलत गेली. परंतु दोष स्क्रूमध्ये क्वचितच असतो, तो प्रायः दोन भाग एकमेकांवर जेथे टेकतात त्या बैठकीत असतो, हा अनुभव सर्व काळांत सारखाच आहे. महाराष्ट्रातील जालना जिल्ह्याच्या लष्करी इतिहासाच्या आधारे या बदलांचा क्रम पाहता येतो.

असईची लढाई व नळीची घट्ट जोडणी : असई हे गाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात खेळणा व जुई या नद्यांच्या परिसरात आहे. येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. या पलटणींची परंपरा दी बॉइन याने महादजी शिंदे यांच्या काळात उभारलेल्या कंपूंची होती. त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात तोफा व बंदुका तयार होत.

तत्कालीन भारतीय तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडाला चामड्याच्या वाद्यांनी, तारेने वा धातूच्या कड्यांनी बांधलेली असे. इंग्रज पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ या चकमकीच्या बंदुकीत ती लाकडातून आरपार जाणाऱ्या खिळ्यांनी जखडलेली असे, तर फ्रेंच धर्तीच्या बंदुकांत धातूच्या कड्या वापरीत. पद्धती भिन्न असल्या, तरी उद्देश एकच होता : नळी हलता कामा नये. संगीन चढविल्यावर बंदूक भाल्यासारखी वापरावी लागे आणि लढाईचा निकाल बहुधा संगिनीच्या हल्ल्याने लागे. शिवाय या बंदुकांच्या नळीत आटे नसत, मागची माशी नसे आणि सु. १०० मी. पलीकडे एकट्या माणसाचा नेम धरणे व्यर्थ असे. त्यामुळे नळी व लाकूड यांच्या जुळणीत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला, तरी तो जाणवत नसे. शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे काम नळी घट्ट करण्यापुरते मर्यादित होते.

जालन्याची छावणी व आट्यांची नळी : कुंडलिका नदीकाठच्या जालना शहरालगत १८२७ च्या सुमारास निजामाच्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी वसली. १८५३ च्या तहानंतर ही फौज हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०३ मध्ये ती भारतीय सैन्यात विलीन झाली व जालन्याची छावणी उठली.

छावणीच्या या पाऊणशे वर्षांत पायदळाच्या शस्त्रांत मूलभूत पालट झाला. १८५३ च्या एनफील्ड रायफलीत ०·५७७ इंच व्यासाची, आटे असलेली नळी तीन कड्यांनी लाकडात बसविलेली होती. कड्या स्क्रूने आवळता येत. परंतु अधिक आवळल्यास लाकडाचा दाब नळीवर येई. आता शेकडो मीटरांवर नेम धरावयाचा असल्याने हा दाब महत्त्वाचा ठरला. १८५७ च्या उठावानंतर भारतीय पलटणींना ब्रिटिश पलटणींच्या मानाने एक पिढी मागची शस्त्रे देण्याचे धोरण होते. उठावानंतरच्या वर्षांत त्यांच्यासाठी एनफील्डच्याच घडणीची, पण आटे नसलेली बंदूक बनविण्यात आली. पुढे गोऱ्या सैनिकांकडे मार्टिनी-हेन्री आल्यावर देशी सैनिकांकडे स्नायडर आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आल्यावर देशी सैनिकांकडे मार्टिनी असा क्रम राहिला. त्यामुळे नेमबाजीत लागणारी सूक्ष्म जुळणी भारतीय सैनिकाच्या वाट्यास उशिरा आली.

हातरक्षकाची गरज मार्टिनी-हेन्री रायफलीने दाखवून दिली. जलद गोळीबारात तिची नळी इतकी तापे, की आफ्रिकेतील मोहिमांत सैनिक पुढच्या दस्त्यावर कच्चे चामडे शिवून घेत. नळीवर लाकडी हातरक्षक बसविण्याची प्रथा त्यानंतरच्या ली बनावटीच्या रायफलींनी रूढ केली.

ली-एनफील्ड व ईशापूर : विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आलेल्या आखूड ली-एनफील्ड रायफलीची ६४० मिमी. लांबीची नळी तोंडापर्यंत लाकडाने झाकलेली होती. नळीचे तापमान १०० से. ने वाढले, तर या लांबीचे पोलाद सु. ०·७७ मिमी. वाढते. लाकूड त्याप्रमाणे वाढत नाही. उलट ते पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. नळीला वाढण्यास वाव नसेल, तर ती वाकू पाहते आणि गोळ्या एका बाजूस सरकू लागतात. म्हणून या रायफलीत नळीला ठराविक ठिकाणीच आधार दिला होता : मागे पोलादी चौकटीची पक्की बैठक, मध्ये एक कडी आणि तोंडाशी नळीस वर रेटणारी लहान स्प्रिंग. इतरत्र नळी व लाकूड यांत फट ठेवीत.

बंगालमधील ईशापूर येथे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात या रायफली तयार होऊ लागल्या. तेथे लाकूड चिरू नये म्हणून पुढच्या दस्त्यात आरपार आडवा स्क्रू बसविण्याची सुधारणा झाली. ती ईशापूरच्या रायफलींची ओळख ठरली. दस्ता तिरपा बसल्यास शस्त्रदुरुस्तकार प्रथम मागील बैठक तपासत असे. वारंवार बसणाऱ्या धक्क्याने तेथील लाकूड दबले असल्यास तेवढा भाग कापून नवा तुकडा चिकटविला जाई. नळी कोठे घासते हे पाहण्यासाठी तिला तेलात कालविलेली काजळी लावून ती लाकडात बसवीत व पुन्हा काढीत. जेथे काळा डाग उमटे तेवढाच भाग खरवडीत. नळी व लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी अडथळ्याशिवाय सरकली, की जुळणी योग्य समजत. असईच्या काळी घट्टपणा हा गुण होता. एका शतकानंतर मोजून ठेवलेली मोकळीक हा गुण झाला.

पुणे येथील अभिकल्प : पुण्यास १९५८ मध्ये स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने इन्सास या ५·५६ मिमी. व्यासाच्या रायफलीचा अभिकल्प तयार केला. १९९९ च्या कारगिल संघर्षात ती वापरली गेली. तिचा हातरक्षक प्लॅस्टिकचा असल्याने लाकडाचे फुगणे व आकसणे संपले. सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींची खरेदी ठरविली व त्याच वर्षी अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे एके-२०३ रायफलीच्या निर्मितीचा प्रकल्प जाहीर झाला. या दोन्ही रायफलींवर रेल असतात. त्यामुळे रेलच्या संरेखनाचा प्रश्न भारतीय सैनिक व शस्त्रदुरुस्तकार यांच्यापुढेही आला.

रेल व तिचे संरेखन : अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील पिकॅटिनी शस्त्रागारात रेलचे मानक ठरले व ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार खाचेची रुंदी ५·२३ मिमी. व लगतच्या दोन खाचांच्या मध्यांतील अंतर १०·०१ मिमी. असते. मानकामुळे एकाच्या कारखान्यातील दुर्बीण दुसऱ्याच्या रायफलीवर बसू लागली; मात्र रेल ज्या हातरक्षकावर आहे, तो तिरपा असेल तर मानकाचा उपयोग होत नाही. दुर्बिणीच्या पकडीची दोन टोके १० सेंमी. अंतरावर आहेत व त्यांत केवळ ०·१ मिमी. फरक आहे असे मानल्यास १०० मी. वर १० सेंमी. व ३०० मी. वर ३० सेंमी. इतकी चूक होते.

अनेक आधुनिक रायफलींत हातरक्षक नळीला स्पर्श न करता केवळ मागील बाजूस, नळी चौकटीला जोडणाऱ्या चाकीवर बसविलेला असतो. दुरुस्तीपूर्वी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करतात. नंतर चौकटीवरील व हातरक्षकावरील रेलवर पोलादी सरळपट्टी ठेवून मागून प्रकाश पाडतात. जेथे फट दिसेल तेथे उंचीत वा कलात फरक असतो. फरक आढळल्यास स्क्रू अधिक आवळत नाहीत, तर हातरक्षक पूर्ण उतरवितात. बैठकीवरील तेल, जळका थर व धातूचा चुरा पुसतात, फिरणे रोखणारे दाते त्यांच्या खाचांत बसतात की नाही ते पाहतात आणि वायूनलिका कोठे घासत नाही याची खात्री करतात. मग सरळपट्टी जागेवर धरूनच स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे व निर्मात्याने ठरविलेल्या बलाने आवळतात. चाकीच चुकीच्या बलाने बसलेली असेल किंवा हातरक्षक वाकलेला असेल, तर तो भाग बदलणे हाच उपाय असतो. शेवटी लक्ष्यावर गोळ्या झाडून नेम जुळवितात.

या क्रमात नेम जुळविणे शेवटी येते, याला महत्त्व आहे. रेल तिरपी असतानाही दुर्बिणीची मळसूत्रे फिरवून एका ठराविक अंतरावर गोळी लक्ष्यावर आणता येते. परंतु असा दोष केवळ झाकला जातो : अंतर बदलले, रायफल पट्ट्याने ताणली किंवा हातरक्षक भिंतीवर टेकविला, की चूक परत येते. याच कारणाने मुख्य दुर्बीण शक्यतो चौकटीवरील रेलवरच बसवितात व हातरक्षकावर दुय्यम साधने ठेवतात.

लष्करी छावणी उठल्यानंतरही जालन्याचा शस्त्रांशी संबंध तुटलेला नाही. राज्य राखीव पोलीस दलाच्या तिसऱ्या गटाचे मुख्यालय जालना येथे आहे. असईच्या रणभूमीवर सैनिक सांघिक गोळीबार करीत; एखादी गोळी कोठे गेली, याचा जाब कोणी विचारत नसे. वस्तीत बंदोबस्त करणाऱ्या आजच्या शिपायाला प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे हातरक्षकाच्या बैठकीतील केसाएवढा फरक हा केवळ यांत्रिक दोष राहत नाही. लक्ष्याशेजारी उभ्या असलेल्या निरपराध माणसाच्या जीविताशी त्याचा थेट संबंध येतो.