जांभ्यातले पाणी आणि मातीला चिकटलेले विष

केरळच्या उत्तर टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या कासरगोड जिल्ह्यात विहीर उभी खणतात तशी आडवीही खणतात. जांभ्याच्या टेकडीच्या कुशीत, माणूस वाकून आत शिरेल एवढाच बोगदा पाण्याच्या दिशेने कोरत न्यायचा. खडकातून ठिबकणारे पाणी उताराने वाहत तोंडाशी येते आणि कुंडात साठते. अशा विहिरीला तिथे ‘सुरंगम’ म्हणतात. ती शक्य होते ती जांभ्याच्या स्वभावामुळे: हा खडक पहारीने कोरता येतो, उघडा पडला की कठीण होतो आणि त्याच्या अंगभर वेड्यावाकड्या पोकळ्या असतात. मलबारातील अंगाडिपुरम येथे लोक याच खडकाच्या विटा कापताना पाहून फ्रान्सिस ब्युकॅनन याने त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. त्याचे प्रवासवृत्त १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांची घरे पाहिलेल्या वाचकाला हा खडक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत याच टेकड्यांच्या माथ्यांवरील काजूच्या सरकारी बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. काजूच्या मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीचा बंदोबस्त हा त्यामागचा उद्देश. बागा माथ्यावर होत्या, आणि एन्मकजे पंचायतीतील पद्रे यांसारख्या गावांची घरे, ओढे व सुरंगम पायथ्याला. पाण्यात विष उतरेल काय, या शंकेला मृदाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तयार उत्तर होते: एंडोसल्फान पाण्यात जेमतेम विरघळते, मातीला मात्र घट्ट चिकटते, म्हणून ते खोल झिरपत नाही. हे विधान चुकीचे नव्हते. प्रयोगशाळेत ते आजही खरे ठरते. ते कुठून आले आणि कुठे अपुरे पडले, हा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात कीटकनाशकांच्या कितीतरी आधी, खतापासून झाली. इंग्लंडमधील यॉर्कशायरचा जमीनदार एच. एस. थॉम्प्सन याला प्रश्न पडला होता, की शेतात टाकलेल्या खताचा अमोनिया पावसाबरोबर वाहून का जात नाही? त्याने जोसेफ स्पेन्स या औषधविक्रेत्याच्या मदतीने काचेच्या नळीत माती भरली, तीत अमोनियम सल्फेट मिसळले आणि वरून पाणी सोडले. खालून बाहेर पडले ते कॅल्शियम सल्फेट. मातीने अमोनिया ठेवून घेतला होता आणि बदल्यात स्वतःजवळचे कॅल्शियम दिले होते. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे याने हाच प्रयोग अनेक पदार्थांवर करून १८५० मध्ये निष्कर्ष मांडले. ही देवघेव वाळूची नव्हे, मातीतील चिकण भागाची करामत आहे, हे त्याने ओळखले. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो व तो धनभारित आयनांना धरून ठेवतो, ही उकल पुढच्या शतकातली. पण ‘माती धरून ठेवते’ ही समजूत तेव्हाच रुजली, आणि ती शेतकऱ्याच्या हिताची होती. धरलेले खत पिकाच्या कामी येत होते.

शंभर वर्षांनी मातीवर डीडीटी पडू लागले, तेव्हा हीच समजूत त्यालाही लागू करण्यात आली. पॉल म्युलर याने १९३९ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधले आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. शेतीत बीएचसीची भुकटी पोत्यांनी वापरली जाऊ लागली. मात्र या नव्या पदार्थांच्या रेणूंवर विद्युतभार नव्हता. वे याच्या देवघेवीत ते बसतच नव्हते. तरीही ते मातीत वर्षानुवर्षे टिकत होते, आणि तेही वरच्या काही इंचांत.

याचा उलगडा १९७९ मध्ये केरी चिऊ, लुई पीटर्स आणि व्हर्जिल फ्रीड यांनी ‘सायन्स’मधील एका छोट्या लेखात केला. असे रेणू पाण्याला टाळतात आणि मातीतील सेंद्रिय पदार्थांत, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याच्या काळसर अंशात, जवळजवळ विरघळून बसतात. तेल आणि पाणी एकत्र हलवले की अत्तर तेलात जाऊन बसते तसे. त्यामुळे हिशेब सोपा झाला. प्रत्येक औषधाला सेंद्रिय कर्बाची किती ओढ आहे हे सांगणारा एक आकडा, केओसी, निश्चित करायचा आणि त्याला जमिनीतील कर्बाच्या प्रमाणाने गुणायचे. क्लोरपायरिफॉसचा केओसी सुमारे ६,००० धरला, तर २ टक्के सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीत पाण्याच्या तुलनेत मातीवरील त्याची संहती सुमारे १२० पट भरते. गंगेच्या मैदानातील पुष्कळ गाळजमिनींत कर्ब अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. ०.४ टक्के कर्ब धरला की हीच पकड २४ पटींवर येते. औषध एकच आणि त्याच्या डब्यावरील सूचनाही एकच; पकड मात्र पाचपट सैल.

ज्यांच्यावर विद्युतभार असतो, त्यांची गोष्ट निराळी. पॅराक्वाट हे तणनाशक धनभारित असल्याने चिकणमातीच्या पापुद्र्यांत शिरते आणि सहसा बाहेर येत नाही. ग्लायफोसेटची ओढ फॉस्फेटसारखी, लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांकडे. लाल आणि जांभ्या जमिनीत ते सहज अडकते. २,४-डी हे सामान्य जमिनीत ऋणभारित होते. चिकणमाती त्याला दूर लोटते, आणि म्हणून ते पाण्याबरोबर चालू लागते. ‘अमुक जमीन औषध धरून ठेवते’ या वाक्याला औषधाचे नाव जोडल्याशिवाय अर्थ नाही.

चिऊ यांचा लेख निघाला त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांखालील विहिरींत अल्डिकार्ब सापडले. ते भूजलापर्यंत पोहोचण्याआधीच विघटन पावेल अशी अपेक्षा होती. तिथली जमीन वाळूसर, भूजल उथळ, पाणी थंड व आम्लधर्मी. विघटन रेंगाळले आणि औषध खाली गेले. (हेच अल्डिकार्ब बनवण्यासाठी मिथाइल आयसोसायनेट लागते. त्या वायूने पुढे १९८४ मध्ये भोपाळात काय केले, हे सर्वज्ञात आहे.) पुढच्या दशकात डेव्हिड गुस्टाफसन याने कॅलिफोर्नियातील विहिरींच्या नोंदी तपासून १९८९ मध्ये एक निर्देशांक सुचवला. त्याला ‘गस’ म्हणतात. औषधाच्या मातीतील अर्धायुकालाचा लॉगॅरिथम घ्यायचा, आणि ४ मधून केओसीचा लॉगॅरिथम वजा करून त्याने गुणायचे. उत्तर २.८ च्या वर आले तर औषध झिरपणारे, १.८ च्या खाली आले तर न झिरपणारे. गणित कागदाच्या कपट्यावर होते, म्हणूनच ते जगभर पसरले. अल्डिकार्बचा निर्देशांक ३.७ च्या आसपास येतो. क्लोरपायरिफॉसचा ०.३. एंडोसल्फानचा चक्क शून्याखाली.

फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबईतील बाटलीबंद पाण्याच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लिंडेन आणि डीडीटी होते, मॅलाथिऑन होते, आणि ०.३ निर्देशांकाचे क्लोरपायरिफॉसही होते. पाण्याचा मूळ स्रोत बहुतांशी कूपनलिका, म्हणजे भूजल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शीतपेयांचा दुसरा अहवाल आला, संसदेत गदारोळ झाला आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. २००४ च्या फेब्रुवारीत तिने शीतपेयांतील अवशेषांविषयीचे निष्कर्ष योग्य ठरवले. तोपर्यंत बाटलीबंद पाण्यासाठी एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम ठरवणारे भारतीय मानक १ जानेवारी २००४ पासून लागू झाले होते. चर्चा ब्रँडांची झाली, शुद्धीकरण यंत्रांची झाली. न झिरपणारे औषध झिरपले कसे, हा प्रश्न मात्र वर्तमानपत्रांत फारसा उरला नाही, आणि वैज्ञानिकदृष्ट्या तोच सर्वांत मोलाचा होता.

त्याचे उत्तर निर्देशांकाच्या गृहीतकात दडले आहे. पाणी मातीच्या कणाकणांतून सावकाश, सारख्या वेगाने उतरते, असे तो धरून चालतो. खरी जमीन काचेच्या नळीत भरलेल्या चाळलेल्या मातीसारखी नसते. तिच्यात गांडुळांची बिळे असतात, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या असतात, कूपनलिकेच्या नळीभोवती नीट न बुजवलेली फट असते. वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस तर इमारतींच्या पायातच ओतले जाते. तिथे वरचा सेंद्रिय थर आडवा येतच नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हा विरोधाभास सर्वांत ठळक दिसतो. तिच्यातील फुगणाऱ्या चिकणमातीची धरून ठेवण्याची क्षमता देशात अव्वल. पण उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा कधी मीटरभर खोल जातात, आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस मातीच्या कणांना फारसा न भेटता त्या भेगांतून थेट खाली उतरतो. आठवड्याभरात माती फुगून भेगा मिटतात. निर्देशांकाला हा आठवडा ठाऊक नाही.

धरून ठेवण्याची दुसरी बाजू टिकाव. मातीला चिकटलेला रेणू जंतूंच्या हाती सहजी लागत नाही, म्हणून पकड जितकी घट्ट, तितके विघटन मंद होऊ शकते. सत्तरच्या दशकात किरणोत्सारी कार्बन वापरून औषधांचा माग काढला गेला, तेव्हा द्रावकाने धुऊनही बाहेर न येणारा अंश मातीत आढळला आणि त्याला ‘बद्ध अवशेष’ असे नाव पडले. नेहमीच्या चाचणीत तो दिसत नाही, म्हणून तो संपला असे समजण्याचा मोह होतो. याच सुमारास भातखाचरांच्या अभ्यासातून उलट चित्रही समोर आले. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६७ मध्ये मॅक्रे, रघू आणि कॅस्ट्रो यांना दिसले, की एरवी हट्टी असणारे बीएचसी पाण्याखाली बुडालेल्या, प्राणवायू संपलेल्या जमिनीत लवकर मोडते. तिथेच काम केलेले एन. सेतुनाथन पुढे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आले, आणि त्यांच्या गटाने भारतातील निरनिराळ्या भातजमिनी पाण्याखाली ठेवून हा प्रश्न लावून धरला. सेंद्रिय पदार्थ भरपूर असेल तर जंतूंचे काम वेगाने चालते. नुसत्या वाळूत ते रेंगाळते. म्हणजे चिखल केलेले भातखाचर आणि त्याच गावातील कोरडे वरकस यांत एकाच भुकटीचे आयुष्य वेगळे. बीएचसीवर देशात बंदी आली ती १९९७ मध्ये.

कासरगोडात खाचर नव्हते, उतार होता. फवारणी मोहोराच्या, म्हणजे कोरड्या हंगामात होई आणि औषध पानांवर व वरच्या मातीवर बसे. मग जूनपासून काही महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळे. अशा पावसात विष मातीपासून सुटावे लागत नाही, मातीच सुटते. चिकटलेले एंडोसल्फान कणांसकट ओढ्यात जाते, गाळात बसते, आणि त्याखाली तर पोकळ्यांनी भरलेला जांभा आहे. त्यातच तांत्रिक एंडोसल्फान हे दोन समघटकांचे मिश्रण. त्यांतला बीटा हा अल्फापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, आणि मातीत दोहोंपासून बनणारे एंडोसल्फान सल्फेट मूळ औषधाइतकेच विषारी असून त्याहून चिवट.

लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यातील अधिकारी महिलेने १९९८ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि हवाई फवारणीला स्थगिती मिळाली. २००० नंतर हेलिकॉप्टर उडाले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या चमूने २००१ मध्ये गावातील ११७ मुलगे आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावातील ९० मुलगे तपासले. शेवटच्या फवारणीला तेव्हा सुमारे दहा महिने उलटले होते, मधला पावसाळा येऊन गेला होता. बागांखालच्या गावातील मुलांच्या रक्तद्रवात एंडोसल्फानचे सरासरी प्रमाण अब्जांशात ७.४७ भरले, तुलनेच्या गावात १.३७. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आरोग्यविषयक निष्कर्षांवर पुढे समित्यांमागून समित्या वाद घालत राहिल्या. पण शून्याखालच्या निर्देशांकाचे हे औषध टेकडीवरच थांबले नव्हते, एवढे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले होते.

एप्रिल २०११ मध्ये एंडोसल्फानचा समावेश स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचे उत्पादन, विक्री व वापर यांना मनाई केली. २०१७ च्या जानेवारीत प्रत्येक पीडिताला ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. बागांच्या गोदामांत पडून राहिलेले न वापरलेले एंडोसल्फान २०१२ मध्ये गंजत चाललेल्या पिंपांतून सुरक्षित पिंपांत भरण्यात आले. ते किती लिटर आहे याची मोजदाद झाली. वीसेक वर्षांत टेकड्यांवर पडलेल्या औषधातले जे काही ओढ्याच्या गाळात आणि जांभ्याच्या पोकळ्यांत जाऊन बसले, त्यासाठी असे माप कुठल्याच गोदामात नव्हते. सुरंगमांचे पाणी तिथे आजही त्याच खडकातून ठिबकते.