कपाळावरचा वण

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर कुणाच्या बोटावर गळाचा, कुणाच्या पायावर कोयत्याचा जुना वण असतोच. प्लास्टिक सर्जरीचे नाव आता घरोघरी पोचले आहे आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वण पुसून जाईल ना?" या प्रश्नाचे चांगले उत्तर मला पुण्याच्या इतिहासात सापडते.

कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याने आधी मेणाचे नाक बनवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली; मात्र दोन डोळ्यांमधला एक पट्टा जोडलेलाच ठेवला, म्हणजे तिला रक्त मिळत राहील. मग ती पिळून खाली वळवली आणि कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी बसवली. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या आल्या. नाक नीट चिकटल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, तो पट्टा कापला.

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीची पद्धत आहे. पुण्याची ही कपाळाची.

त्या वृत्तांतातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कपाळावरचा वण काही काळाने फारसा दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे. तो नाहीसा होतो असे म्हटलेले नाही.

आजही हिशोब तोच आहे. सर्जन जुना वण काढतो, म्हणजे त्याजागी नवा वण देतो. तो बारीक, सपाट, सुरकुतीच्या रेषेत लपणारा असावा, एवढीच त्याची खटपट. सांध्यावर ओढ बसत असेल तर वणाची दिशा बदलून हात मोकळा करता येतो. नवी रेघ काही महिने लालसर राहते आणि निवायला वर्षभर लागू शकते. ज्यांचे वण फुगून मूळ जखमेबाहेर वाढतात, त्यांनी अधिकच सावध राहावे. नुसता कापून काढला तर असा वण पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठाही, उठतो.

म्हणून डॉक्टरांना "जाईल का?" असे न विचारता "किती सुधारेल आणि त्याबदली काय राहील?" असे विचारावे. कावसजीला नाक मिळाले, त्याबदली कपाळावर एक खूण राहिली.