मशेरी व गर्भिणीचे मुखारोग्य

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूची पूड. मावळासह पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ती दातांना लावण्याचा प्रघात जुना आहे. स्त्रीने विडी ओढणे समाजास रुचत नसे. मशेरी मात्र दंतमंजनाच्या नावाखाली खपून जाई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सु. ३९ टक्के स्त्रिया मशेरी लावणाऱ्या आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

गरोदरपणी संप्रेरकांच्या वाढीमुळे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. मशेरीतील निकोटीन मुखाच्या अंतस्त्वचेतून रक्तात शोषले जाऊन वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले.

हिरड्यांच्या विकाराने दात गेल्यास जबड्यात टायटॅनियमचे कृत्रिम दंतमूळ बसविता येते. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णावर हा उपचार प्रथम केला. निकडीची नसल्याने ही शस्त्रक्रिया सामान्यतः प्रसूतीनंतर करतात. हिरड्यांची स्वच्छता व उपचार मात्र गरोदरपणीही करून घेता येतात.