तळघरातली वीज आणि न्यूयॉर्कची एक काळी रात्र

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला 'को-जन' समजावून सांगावं लागत नाही. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, वाफ टर्बाइन फिरवते, वीज होते, आणि तीच वाफ पुढे रस आटवायला जाते. जळण एक, कामं दोन. आता हेच यंत्र लहान करून एखाद्या इमारतीच्या तळघरात बसवलंय असं समजा. बगॅसच्या जागी नैसर्गिक वायू, आणि रस आटवण्याऐवजी नळाला गरम पाणी व हिवाळ्यात खोल्यांना ऊब. न्यूयॉर्कमध्ये हा प्रकार जुना आहे. सरकारने त्याला पैसे कसे दिले, याचा इतिहास मात्र आपल्याकडे कोणी फारसा सांगत नाही.

मुळात फायदा उघड होता. साध्या औष्णिक केंद्रात जळणातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग वीज होऊन बाहेर येतो, बाकीची उष्णता वाया. वाफ किंवा गरम पाणी जागच्या जागी वापरलं तर 65 ते 80 टक्के उष्णता कामी लागते. मग सगळ्यांनी हे का नाही केलं? कारण आडवी आली वीज कंपनी. जादा वीज ती घेईलच असं नव्हतं, आणि यंत्र बंद पडलं तर पर्यायी वीज कोणत्या दराने द्यायची हेही तिच्याच हातात.

1973 च्या तेलसंकटाने हे बदललं. नोव्हेंबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली. नियमात बसणाऱ्या छोट्या उत्पादकाची वीज कंपनीने घ्यायचीच, आणि ती वीज स्वतः तयार करायला कंपनीला जो खर्च आला असता तो दर द्यायचा. पर्यायी वीज देतानाही भेदभाव करायचा नाही. सहवीजनिर्मितीसाठी या कायद्यात रोख अनुदान नव्हतं, तरी माझ्या मते पुढच्या सगळ्या योजनांपेक्षा हाच मोठा आधार होता. मोठे कारखाने आधी पुढे आले. 2005 च्या कायद्याने खरेदीची ही सक्ती, जिथे खुला वीजबाजार आहे तिथे, मोठ्या प्रकल्पांसाठी सैल केली.

2008 मध्ये केंद्राने करसवलत आणली, गुंतवणुकीच्या 10 टक्के. आता यातली गंमत बघा. करसवलत कोणाला उपयोगी? जो कर भरतो त्याला. धर्मादाय रुग्णालयं आणि विद्यापीठं कर भरतच नाहीत, आणि चोवीस तास गरम पाणी नि वीज लागते ती नेमकी त्यांनाच! त्यांना आधार होता राज्याच्या ऊर्जा प्राधिकरणाचा. वीजबिलांवरच्या छोट्या अधिभारातून जमलेल्या पैशातून ते थेट अनुदान द्यायचं.

मग 29 ऑक्टोबर 2012 ची रात्र आली. सँडी वादळाने समुद्र शहरात घुसला, पूर्वेकडचं एक उपकेंद्र फुटलं आणि मॅनहॅटनचा दक्षिण भाग अंधारात गेला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयात जनरेटरनी दगा दिला. 300 हून अधिक रुग्ण, त्यात अतिदक्षता कक्षातली नवजात बाळं, काळोख्या जिन्यांवरून खाली आणावी लागली. शेजारच्या बेलेव्ह्यू या सरकारी रुग्णालयात जनरेटर होते तेराव्या मजल्यावर आणि त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात, पाण्याखाली. माणसांनी हातोहात डिझेल वर पोचवलं. शेवटी तेही रुग्णालय रिकामं करावं लागलं.

त्याच रात्री त्याच विद्यापीठाच्या वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आवारात दिवे चालू होते. तिथे स्वतःचं सहवीज केंद्र होतं, वर्षभरापूर्वीच नवं केलेलं. ब्राँक्समधल्या को-ऑप सिटीतही उजेड होता. ही 35 उंच इमारतींची, 15 हजारांवर घरांची सहकारी वसाहत. (हो, सहकारी. आपला शब्द तिथेही चालतो.) तिचं स्वतःचं सुमारे 40 मेगावॉटचं केंद्र आहे.

पण एक अडचण होती. निव्वळ बिल वाचवायला बसवलेली अनेक यंत्रं ग्रिड गेली की आपोआप बंद पडत. म्हणजे ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी सुट्टी. 2013 मध्ये राज्याने अनुदानाची नवी योजना आणली तेव्हा अट घातली: ग्रिड नसतानाही यंत्र चाललं पाहिजे, आणि पूरक्षेत्रात ते पाण्याच्या पातळीच्या वर बसवलं पाहिजे. तोवर वाचवलेल्या जळणासाठी पैसे दिले जात होते, आता अंधारात टिकून राहण्यासाठीही. त्या रुग्णालयानेही पुढे स्वतःचं सहवीज केंद्र बांधलं.

2022 च्या कायद्याने करसवलत 30 टक्क्यांपर्यंत नेली. कर न भरणाऱ्या संस्थांना ती रोख मिळण्याची सोयही प्रथमच झाली. मात्र वायूवरच्या प्रकल्पांसाठी 2024 अखेर काम सुरू करण्याची मुदत होती. म्हणजे रुग्णालयांसाठी दार उघडलं आणि लगेच लोटलंही. दुसरीकडे 2019 च्या शहर कायद्याने 25 हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना कार्बनची मर्यादा घातली. 2024 पासून ती लागू आहे आणि जादा प्रत्येक टनाला 268 डॉलर दंड आहे. तळघरात जळणारा वायू या हिशोबात धरला जातो. एकेकाळी ज्या यंत्रासाठी सरकारने चेक दिला, त्याचाच धूर आता इमारतीच्या खात्यावर चढतोय.