लीप वर्ष : तीन अटींचा प्रोग्रॅम

सी शिकायला घेतलं की पहिल्या आठ-दहा प्रोग्रॅम्समध्ये एक ठरलेला असतो. दिलेलं साल लीप आहे का ते सांगा. चारने भाग जातो का बघायचं, 'हो' छापायचं, झालं! मग सर म्हणतात, १९०० टाकून बघ. की आली शंभरची अट, आणि तिच्यामागून चारशेची. पोरं अटी पाठ करतात आणि पुढच्या प्रोग्रॅमला लागतात. मला मात्र या तीन अटी म्हणजे दोन हजार वर्षांचा बग-फिक्सिंगचा इतिहास वाटतात.

तर मंडळी, पहिलं व्हर्जन ज्युलियस सीझरचं. इ.स.पू. ४५ पासून दर चार वर्षांनी एक दिवस जादा. पण पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि मेंटेनन्स गेला रोमच्या पुरोहितांकडे. रोमन लोक मोजताना सुरुवातीचं वर्षही धरायचे. त्यामुळे 'दर चौथ्या वर्षी'चा अर्थ त्यांनी लावला दर तीन वर्षांनी! चक्क ऑफ-बाय-वन. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ लीप वर्षं झाली, आणि ऑगस्टसने पुढची काही गाळून हिशोब जुळवला. (फॉर लूपमध्ये < की <= यावर अडणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

पण नियम नीट पाळूनही वर्षाला साधारण ११ मिनिटं जास्तच मोजली जात होती. साचत साचत १५८२ पर्यंत वसंतसंपात १० दिवस सरकला. तेव्हा पोप तेराव्या ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि पुढच्यासाठी शंभरची नि चारशेची अट घातली. आता वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस. झकास पॅच!

गंमत २००० सालची. फक्त चारची अट लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम त्या वर्षी बरोबर उत्तर देणार, कारण २००० ला ४०० ने भाग जातो. शंभरची अट घालून तिथेच थांबलेला मात्र चुकणार. अर्धवट सुधारलेला कोड मूळ कोडपेक्षा वाईट! आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी जी वायटूकेची कामं केली, त्यात २९ फेब्रुवारी २००० ची तपासणीही असायची.

लोटस १-२-३ ने १९०० हे लीप धरलं होतं. एक्सेलने जुन्या शीट्सच्या तारखा हलू नयेत म्हणून ती चूक जाणूनबुजून ठेवली. आजही २९ फेब्रुवारी १९०० टाका, ६० हा आकडा मिळतो. असो.

माझं आवडतं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या झून प्लेअरचं. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीचे झून एकदम गोठले. त्यातली लीप वर्षाची तपासणी अगदी बरोबर होती! घोळ लूपमध्ये होता. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत फिरायचं. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच ३६६ वजा करायचे. दिवस नेमके ३६६ असतील तर? काहीच नाही, नुसतं फिरत राहायचं. तिथे एक 'एल्स' आणि 'ब्रेक' पुरला असता. लोकांना सांगितलेला उपाय असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिचच्या दुपारी १२ नंतर चालू करा. तोवर ३६६ चे ३६७ झालेले, लूप आपोआप सुटतो.